दारावरची

निकितानं बॅगेची चेन ओढली आणि तो आवाज मोतीबाईच्या काळजातून आरपार गेला. दोन वाजताची एसटी मेडशीहून होती. शाळेचे दाखले न्यायला आलेली लेक आता आसामातल्या एका इस्पितळात नोकरीला निघाली होती, आणि पुन्हा तांड्यावर येणं नाही हे तिनं पाणी पिता पिता, अगदी शांतपणे सांगून टाकलं होतं.

मोतीबाईनं कारण विचारलं नाही. ते तिला वीस वर्षांपासून ठाऊक होतं... ऊसतोडीला जाताना सहा वर्षांच्या निकिताला तिनं मिशनच्या वसतिगृहात सोडलं होतं. तांड्याची रीत अशी, की लेक निघाली की मायलेकींनी गळ्यात पडून, सूर लावून रडायचं. न रडता धाडतात ती फक्त विकलेली गुरं. आणि त्या दिवशी मोतीबाई रडली नव्हती. ताठ मानेनं फाटकाबाहेर गेली, वळूनसुद्धा पाहिलं नाही.

निकिता तिथंच वाढली, येशूची झाली, दुखावलेल्या मनांना बोलतं करायचं काम शिकली. मागच्या महिन्यात मंगरूळपीरला तिनं प्रार्थनासभा घेतली, तेव्हा सगळ्यांच्या मागं, पदर नाकापर्यंत ओढून, मोतीबाई बसली होती. थडग्यांत राहून स्वतःलाच दगडांनी ठेचणाऱ्या माणसाची गोष्ट निकितानं सांगितली. प्रभूनं त्याला नाव विचारलं, तर त्याच्या आतली भुतं म्हणाली, आम्ही पुष्कळ आहोत; मग प्रभूनं त्यांना डुकरांच्या कळपात धाडलं. आपल्या प्रत्येकाच्या आत असे पुष्कळ जण राहतात, निकिता म्हणाली. त्यातला जो कठोर दिसतो तो राखणदार असतो, कुणा घाबरलेल्याला पाठीशी लपवून उभा. त्याला हाकलायची घाई करू नका. आधी नाव विचारा.

मोतीबाईला वाटलं, परक्यांच्या राखणदारांवर एवढी माया, आणि जन्मदात्रीला एक प्रश्न नाही...! अंगणवाडीच्या ओट्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलेल्या अक्षरांवर बोट ठेवून, महिनाभर ती बायबलातलं त्या गोष्टीचं तेवढंच एक पान वाचत राहिली.

आता मेडशीच्या थांब्यावर एसटी येऊन उभी राहिली तसं तिनं पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचू लागली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "मावशे, परीक्षा मंग दे, पोरीले चढू दे."

नाव विचारल्याच्या ओळीवर बोट थिजलं. "साऱ्या जगाले इचारतं तू," ती म्हणाली, "मले काहून नाही इचारलं?"

निकिताचा एक पाय पायरीवर होता. ती वळली, आणि तिचा आवाज सभेतला नव्हता, आईला याडी म्हणणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीचा होता. "त्या दिवशी रडली नाही, ती कोण होती, याडी?"

"दारावरची. म्याच बसवली तिले." मोतीबाईनं पुस्तक छातीशी धरलं. "तिच्या मागं दुसरी होती. ते फाटकातून परत पळत येणार होती, तुले उचलून उसाच्या फडावर नेणार होती. तुह्या हातातई कोयता आला असता. म्हणून दारावरचीनं तिचं तोंड दाबून धरलं... अजून सोडलं नाही पोरी, सुटतच नाही."

निकितानं पायरीवरचा पाय खाली घेतला. कसंबसं ती बोलली, की तो दगडी चेहरा आठवणीतून जावा म्हणून तिनं रोज प्रार्थना केली होती. गोष्टीतल्या भुतांसारखं प्रभूनं त्याला डुकरांत धाडावं म्हणून.

"डुकरात नको धाडू तिले," मोतीबाई म्हणाली. "तिनंच तुले शिकवलं."

घंटी वाजली, एसटी धूळ उडवत गेली, आणि निकिता खालीच होती... मायच्या गळ्यात. मोतीबाईनं रडायला तोंड उघडलं, पण नुसता कोरडा वारा बाहेर आला. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. इतक्या वर्षांत ती मागची मरून तर गेली नाही, या भयानं तिनं निकिताला घट्ट धरलं. तेवढ्यात, ती रीत कधी न शिकलेल्या निकितानं कानाशी एक वेडावाकडा सूर धरला, "याडी ये..."

"असा नाही," मोतीबाई म्हणाली, आणि खरा सूर तिच्या छातीतून फुटून वर आला. थांब्यावरच्या बायांनी न विचारता डोळ्यांना पदर लावले.

पाच वाजताच्या गाडीनं निकिता गेली. या वेळी तिला रडून धाडलं होतं.