ओढणीचं दुसरं टोक

आदल्या रात्री जानकीपुरमच्या फ्लॅटमध्ये विनयाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. उद्याच्या सहलीत पाच वर्षांची मुक्ता नावेतून वाकली तर? शेजारी माधव घोरत होता. शास्त्रज्ञ माणूस, काळजी करायलाही त्याला आधी पुरावा लागतो.

शेवटी उपाय सापडला, तोही तिच्याच छापाचा. कतर्नियाघाटच्या अभयारण्यात नावेत बसल्यावर तिने ओढणीचं एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, दुसरं मुक्ताच्या.

"बोलायचं नाही हं. काही दिसलं की दोनदा ओढ."

"बकरी हूँ क्या मैं?" मुक्ता फुरंगटली.

वळणापाशी नावाड्याने, विक्रमने, इंजिन बंद केलं आणि गेरुआ नदी एकदम मोठी झाली. जंगलात राखलेली नदी. ना घाट, ना निर्माल्य, ना कुठला भोंगा. पाणी असं नितळ की तळाची वाळू दिसावी. काठावर सुसरी ओंडक्यांसारख्या पसरलेल्या.

"देखिए भाभीजी, हमारे घडियाल," विक्रम कुजबुजला.

विनयाची दुर्बीण डोळ्यांवरून खाली येईना. तेवढ्यात मनगटाला दोन हिसके. तिने डावीकडे पाहिलं आणि... फुस्स! राखाडी पाठ पाण्यावर वळली. डॉल्फिन! पुन्हा दोन हिसके, पुन्हा फुस्स. कालची काळजी कुठल्या कुठे गेली. पोरीची नजर तरी काय!

मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. हिसका आधी येत होता, डॉल्फिन नंतर. दर वेळी. पाणी हलायच्याही आधी.

"मुक्ता... तुला कसं गं कळतं?"

उत्तर मागच्या बाकावरून आलं, माधवचं. "अगं, ती माझ्याजवळ आहे. ओढणी टोचते म्हणाली. इंजिन बंद व्हायच्या आधीच गाठ सोडून आली."

विनयाने दुर्बीण खाली घेतली. शेजारची जागा रिकामी. ओढणी नावेच्या कडेवरून पाण्यात गेलेली, ताणलेली. तळाची वाळू स्वच्छ दिसत होती. टोक मात्र दिसत नव्हतं.

"विक्रम भैया... वापस चलिए..."

त्याने ओढणीकडे पाहिलं. झटकन इंजिन सुरू केलं.

विनयाने मागे जाऊन मुक्ताला छातीशी घट्ट धरलं. मनगटावरची गाठ सुटता सुटेना. नाव वेगात निघाली, तरी ओढणी आणखी ताणली नाही. उलट सैल पडली, बोट धरून शहाण्यासारखं चालणाऱ्या पोराच्या हातासारखी.

मुक्ताने आईच्या खांद्यावरून पाण्यात डोकावून पाहिलं. खुदकन हसली.

"आई, गाडी में पीछे वाली सीट खाली है ना?"