नाव नसलेल्यांना पाणी

तो दिवा बंद कर रे वेदांग, डोळ्यांवर येतोय. तुमचे आई-बाबा हायडेलबर्गहून यायला अजून वेळ आहे. आणि तनया, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मी जन्मभर गिअरबॉक्स डिझाइन केले. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण सिद्धांत थापा मारणारा नव्हता. न्युरेम्बर्गला माझ्याच टीममध्ये होता, मिरजेचा पोरगा, नाकासमोर चालणारा. त्यानं हे मला कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा त्याच्या पुढ्यातलं जेवण तसंच गार झालं होतं.

दोन हजार सहा साल. बावीस सप्टेंबर, शुक्रवार. सिद्धांत पाठीवर सॅक टाकून वर उत्तरेला, नॉर्डझे समुद्राच्या किनाऱ्याला निघाला होता. एका बेटावर जायचं, दोन दिवस पायी भटकायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. त्या वर्षी त्याला माणसांत बसवतच नव्हतं. दीड वर्षापूर्वी त्याचे वडील गेले, अण्णा. हा इथे व्हिसाच्या कागदांत अडकलेला. तो मिरजेला पोचला तोवर धाकट्या भावानं सगळं उरकलं होतं. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. "जयंतकाका, एकदा दिसले असते हो, फक्त एकदा," असं मला दहादा तरी म्हणाला असेल.

तर बेटावर जाणारी शेवटची बोट गेली. तिकडच्या बोटी भरती-ओहोटी बघून सुटतात, आपली सोय बघून नाही. मुक्काम करणं भाग पडलं. गाव एवढंसं, सीझन संपलेला, रस्त्यावर कुत्रं दिसेना. एका म्हाताऱ्या बाईच्या पेन्झिओनमध्ये खोली मिळाली. मागच्या अंगणात, तळमजल्यावर, दार थेट बाहेर. बाई स्वतः रस्त्यापलीकडे राहायची.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"अरे, आज सर्वपित्री अमावस्या. समुद्रावर आहेस ना? मग अण्णांना पाणी सोड. दक्षिणेकडे तोंड कर, काळे तीळ घे, अंगठ्याच्या बाजूनं सोड."

"आई, इथे तीळ कुठून आणू?"

"बघ काहीतरी. आणि ज्यांना कोणी नाही त्यांनाही सोड हो. आणि ते झालं की शेवटी..."

रेंज गेली. ती गेलीच.

आता पठ्ठ्याची अक्कल बघा. बेकरीतून खसखस लावलेला पाव आणला आणि वरची खसखस नखानं खरवडली. इथली खसखस काळी असते ना, मग झालं! समुद्रावर गेला, तर समुद्र जागेवर नाही. ओहोटीनं पाणी पार आत गेलेलं, डोळा पोचेल तिथवर चिखल. परत येताना वाटेत एक फ्रीडहोफ लागला. इथल्या कब्रस्तानात नळ असतो, हिरव्या झाऱ्या टांगलेल्या असतात, तुम्ही बघितलंय. त्यानं नळाखाली ओंजळ धरली. अण्णांचं नाव घेतलं. खूप रडला. मग आईनं सांगितलं म्हणून मोठ्यांदा म्हणाला, "ज्यांना कोणी नाही, ते सगळे या. पाणी घ्या."

डोळे पुसले तेव्हा त्याला क्रूस दिसले. लाकडी, एकसारखे. एकावरही नाव नव्हतं. समुद्रात बुडालेली, लाटांनी किनाऱ्याला आणून टाकलेली, कोण कुठली ते न कळलेली माणसं गावानं तिथे पुरली होती.

"उंट डान", आणि पुढे काय, तनया? पुढचंच सांगतोय. तुम्ही इथे वाढलात, तुम्हाला हे कोण सांगणार? आपण गणपती बसवतो, मग विसर्जन करतो की नाही? पितरांचंही तसंच असतं. बोलावलं की निरोपही द्यावा लागतो. ह्यानं "या" म्हटलं आणि निघून आला. आई फोनवर तेच सांगणार होती.

रात्री अडीचच्या सुमाराला त्याला जाग आली. खिडकीत नुसता काळोख. भरती आली होती, पाण्याचा आवाज फार जवळून येत होता. मग दारावर थाप पडली. ओली थाप. ओल्या हाताची वेगळी वाजते.

"हालो?"



मग खिडकीवर थाप. मग भिंतीवर. मग सगळीकडून... वर, खाली, गुडघ्याच्या उंचीवरसुद्धा.

आपण काय बोलून आलो ते त्याला आठवलं. फोन हातात घेतला. रेंज नाही. निरोपाचे शब्द येत नव्हते, मंत्र तर नाहीच. पलंगावर अंग चोरून बसला आणि सुचलं ते ओरडला, "पाणी मिळालं ना? आता जा. सगळे जा!"

थापा थांबल्या.



आणि दाराबाहेरून कोणीतरी मराठीत बोललं.

"मीही जाऊ, बाळ्या?"

...

"अण्णा?"

"थंडी वाजतेय. दार उघड."

तो उठला. त्या आवाजामागे श्वास ऐकू येत होते, पुष्कळ श्वास. त्याला कळत होतं. तरी उठला. तुम्ही नसता उठलात?

किल्ली फिरवली. हँडल दाबून ओढलं. दार आत उघडणारं, पण हलेना. चौकटीला पाय लावून ओढलं. तसूभर नाही.

"अण्णा, जाऊ नका! उघडतोय मी, उघडतोय..."

"दार उघड."

"उघडत नाहीये हो, अण्णा!"

"दार उघड." तेच शब्द. तोच सूर. "दार उघड."

नखं तुटली. घसा बसला. किती वेळ, त्याला माहीत नाही. मग आवाज लांब जाऊ लागला. पाण्याकडे. ह्यानं दारावर डोकं आपटून घेतलं. दीड वर्षापूर्वी नाही, आणि आता दाराशी आले तरी नाही... शेवटी पलंगावर जाऊन पडला. लहान पोरासारखा रडत.

उजाडलं. त्यानं हँडलला नुसता हात लावला. दार उघडलं. बाहेर अंगण कोरडं ठणठणीत होतं.

सॅक घ्यायला वळला. दार मागे लोटलं. आणि खाली बघितलं.

दाराच्या आत, लाकडी जमिनीवर, अनवाणी पावलांचे ओले ठसे होते. सिद्धांतच्या पायात रात्रभर मोजे होते. दोनच ठसे. आल्याची खूण नाही, गेल्याची नाही.

टाचा दाराला टेकलेल्या. बोटं पलंगाकडे... कोणी आतून दाराला पाठ लावून, रेटा देऊन उभं राहिलं की उमटतात तशी.