धुराचा शॉट

चित्रपट संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला, तेव्हा आजोबांनी आधी टाळाटाळच केली. जुन्या मूकपटाचं एक रीळ सापडलंय, कॅमेऱ्यावर तुम्हीच होता, ओळखायला या, एवढंच काम. शेवटी नातीनं भरीला घातलं आणि भर दुपारी दोघं तिथल्या छोट्याशा हॉलमध्ये जाऊन बसली.

नात लहानपणीच्या तापात बहिरी झाली होती. समोरच्याचे ओठ वाचून ती घडाघडा बोले. फक्त आपला आवाज किती चढलाय, ते तिला कळत नसे.

"दिग्दर्शकांच्या घरी माळ्यावर पडून होतं," बाई म्हणाल्या. "कात्री न लागलेलं दिसतंय."

आजोबा निघायला म्हणून उठू लागले.

दिवे गेले. पडद्यावर ती खोली आली. फळ्यांच्या भिंती, जाड काचेची एकच खिडकी. नवऱ्यानं कोंडून घातलेली बायको आणि खालून चढत येणारा धूर... हा शॉट बघून तेव्हा थिएटरात माणसं ढसाढसा रडली होती. काय अभिनय, म्हणाली होती. पण शूटिंगच्या दिवशी धूर खरोखरच आवरेनासा झाला होता; कडी काढली तेव्हा नटी गेलेलीच होती.

"मला वाटलं, ती कामच करतेय," आजोबांनी सांगितलं होतं. सगळ्यांना पटलंही. दिग्दर्शक आणि बाकीचे खोकत बाहेर पळालेले, स्टुडिओत नटी आणि कॅमेऱ्यामागे आजोबा, दोघंच. धूर ढकलणाऱ्या पंख्याच्या घरघरीत तिची हाक ऐकू तरी कशी येणार?

पडद्यावर नटी काचेवर तळवे आपटू लागली.

"आजोबा, ही 'दादा' म्हणतेय," नात मोठ्यानं बोलली. "दादा, हे खोटं नाही... कडी काढा."

बाईंनी चमकून मागे पाहिलं.

"नको वाचूस," आजोबा म्हणाले. पण अंधारात त्यांचे ओठ तिला दिसलेच नाहीत.

"दादा, हँडल सोडा... दादा, बघताय ना माझ्याकडे..."

ते बघत होते. कॅमेरा हातानं फिरवायचा, सेकंदाला दोन फेऱ्या, एकही कमी-जास्त नाही. विसाव्या फेरीला त्यांना सगळं कळलं होतं. हँडल सोडलं ऐंशीव्या फेरीला. मधल्या साठ फेऱ्यांचं कारण एवढंच, की शॉट फार सुंदर चालला होता. हे त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

नटी काचेवरून घसरत खाली गेली.

आजोबांनी नातीचा हात धरून तिला आपल्याकडे वळवलं. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"मला कळलं होतं गं... तेव्हाच कळलं होतं."

तिनं ओठ वाचले. मग हळूच आपला हात सोडवून घेतला आणि पडद्याकडे पाहिलं.

"अजून चालूच आहे."

"कसं शक्य आहे? इथं मी हँडल सोडलं, धावलो. स्टुडिओत दुसरं कुणीच नव्हतं..."

रिकाम्या काचेमागे धूर हलत होता. डावीकडून टोपी घातलेला एक तरुण धावत आला. त्यानं कडी काढली, नटीला उंबऱ्याबाहेर ओढलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"हे तुम्हीच ना?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं. "मग कॅमेरा कोण..."

चित्र संथपणे सरकत होतं. सेकंदाला दोन फेऱ्या. एकही कमी-जास्त नाही.

मांडीवरच्या नटीचे ओठ हलले.

नातीचा आवाज पहिल्यांदाच अगदी खाली आला. "म्हणतेय... 'आता मागं बघा, दादा.'"

पडद्यावरच्या तरुणानं मान वळवली. सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

त्या दिवशी आपण मागे वळून पाहिल्याचं आजोबांना आठवत नव्हतं.