शिंपिणीकडे फळा कुठून आला?

झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला होता आणि दोघांनी तो दोन्हीकडून धरला होता.

"सोडा, फाटेल!"

"तुम्ही सोडा. मी आधी धरलाय."

फाटलाच.

नववी 'अ'च्या बाई, म्हणजे पोरांच्या भाषेत 'तोफ', आणि नववी 'ब'चे नवे सर, यांची ओळख झाली ती अशी. सरांना पोरं 'सायलेंट' म्हणायची. पण अर्धा कागद हातात धरून तो असा काही हसला, की तिचं पुढच्या तासाला लक्षच लागेना. स्वतःचाच राग आला तिला.

दोन्ही वर्गांना कादंबरी एकच. नावाडी शिंपिणीवर जीव टाकतो आणि एक शब्द न बोलता गाव सोडतो. परीक्षेत पोरांनी लिहायचं ते लेखकानं न लिहिलेलं — निघताना तो काय बोलला असता? हेडसरांचा हुकूम होता, नमुना उत्तर द्या, पाठ करून घ्या.

"प्रेमसुद्धा पाठ करायचं?" तोफ धडाडली. "मग बाकांवर पोपट बसवा!"

सगळी स्टाफरूम चहाच्या कपात तोंड घालून बसली. तो तेवढा म्हणाला, "मी बाईंच्या बाजूनं."

मग रोज शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तयारी. वाऱ्यानं खिडकी आपटायची. ती उठायची, बसायची, उगाच डस्टर झटकायची. तो बघायचा... आणि गप्प.

एकदा म्हणाला, "दुसऱ्या शहरातल्या शाळेनं बोलावलंय. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय."

"मग जा की! मला कशाला सांगता?"

बोलून गेली, आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

सकाळी दोन्ही वर्ग एकत्र बसवले. रीत अशी, की एकानं पात्र होऊन खुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी प्रश्नांनी भंडावून सोडायचं. नावाडी झाला तो.

शेवटच्या बाकावरची मुलगी उठली. "काय हो, तोंडाला कुलूप होतं का तुमच्या?"

"भीती वाटते," तो म्हणाला. "ती... भडकते लगेच. पण फळा पुसताना नाक मुरडते ना, आणि मग शिंकते — तेव्हा वाटतं, आता बोलावं..."

"सर, शिंपिणीकडे फळा कुठून आला?"

वर्ग हशानं असा फुटला, की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले. तो कानापर्यंत लाल. तिच्या हातातला खडू खाली पडला.

"लिहा सगळे! एक आवाज नकोय!" ती ओरडली आणि त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन आली.

"लाज नाही वाटत? पोरांसमोर सांगता येतं, आणि इतके दिवस समोर बसून—"

"एकटीला सांगायचं म्हणजे... तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

"विचारलंत का कधी?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्या शाळेचा. तोफेचा आवाज आज पहिल्यांदाच खाली आला.

"जाऊ नका," ती कशीबशी म्हणाली.

"परीक्षेपर्यंत?"

"परीक्षा गेली खड्ड्यात!"

त्यानं फोन कानाला लावला. "नाही, मी येत नाहीये... कारण? कारण म्हणजे, तसं बघायला गेलं तर..."

अडकला बिचारा. तिनं सरळ फोन हिसकावून घेतला.

"कारण मी आहे," ती म्हणाली. "आणखी काही विचारायचंय?"