चौकटीत एकच व्यक्ती असावी

दीप्तीचं सुविधा केंद्र जोगेश्वरीच्या एका गल्लीत, चक्की आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध होतं. दहा बाय आठची खोली, घरघरणारा पंखा, कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. मंगळवारी अकराला वसुधाकाकू आल्या. येत्या सोमवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डाचा अर्ज आज गेला नाही, तर ऑपरेशनची पुढची तारीख थेट चार महिन्यांनी.

ओळख पटवायला मशीनवर अंगठा लागेना. वर्सोव्याला तीस वर्षं कोलंबी सोलून बोटं गुळगुळीत झाली होती. डोळ्यांचा स्कॅन मोतीबिंदूमुळे उमटेना. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आधी धड डोळे दाखवा म्हणे! हा नियम करणाऱ्याच्या अकलेची दीप्तीला कीव आली.

उरला चेहरा. तिने कॅमेरा काकूंकडे वळवला. पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘चौकटीत एकच व्यक्ती असावी.’

काकूंच्या मागे फक्त भिंत होती. दीप्तीने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, दार लावलं, खुर्ची सरकवली. चारही वेळा तेच.

“वाट लागली! सिस्टिमच गंडलीये, काकू.”

“ह्यांचं काम असेल,” काकू ओशाळून म्हणाल्या. “तीन वर्षं झाली जाऊन. पण गिरणी बंद पडल्यावर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले ना, तेव्हाची सवय गं. कागद हातात पडल्याशिवाय हलायचे नाहीत.”

मग मान न वळवता त्या म्हणाल्या, “अवो, वायच बाजूक सरा.”

हिरवी खूण आली.

योगायोग, दीप्तीने स्वतःला बजावलं आणि अर्ज पाठवून दिला.

“कार्ड कधी गं?”

“शनिवारी. इथेच या, प्रिंट देते.”

काकूंना हायसं वाटलं. भिंत चाचपत त्या पायऱ्या उतरल्या. एकट्याच.

थोड्या वेळाने लॉगिन सुटलं. पुन्हा आत शिरायला दीप्तीने कॅमेऱ्यासमोर स्वतःचा चेहरा धरला.

‘चौकटीत एकच व्यक्ती असावी.’

तिने मागे पाहिलं नाही. धीरच झाला नाही.

“काका,” ती कशीबशी म्हणाली, “जरा सरका ना.”

हिरवी खूण आली.

आणि काकूंची रिकामी खुर्ची करकरली, कुणीतरी निवांत टेकावं तशी.

कार्ड शनिवारी मिळणार होतं. आज मंगळवार होता.