‘जी’नंतरची ‘एच’

बदलीवर येणारी आलीच नाही, म्हणून विमानतळावरच्या हवामानाच्या खोलीतल्या ताईंच्या गळ्यात सलग दुसरी पाळी पडली होती. काम तसं सोपं. दर तासाला बाहेर जायचं, वारा, ढग, धावपट्टी बघायची आणि सगळं आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करायचं. येणारा वैमानिक ते रेडिओवर ऐकतो आणि कुठली माहिती मिळाली त्याचं अक्षर टॉवरला सांगतो. माहिती नवी, की अक्षर पुढचं. शिळी माहिती घेऊन कोणी उतरू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

आत्ता ‘जी’ चालू होती. वारा मंद, धावपट्टी स्वच्छ. दुपारच्या विमानाने लेक येणार होती, वर्षभराने. त्या आशेवरच ताई पेंगुळलेले डोळे ताणून बसल्या होत्या.

इंटरकॉमवर टॉवरमधला दादा बोलला. "ताई, एच कधी टाकलीत?"

"कुठली एच? जीच चालू आहे की."

"तुमच्या लेकीच्या विमानाचा वैमानिक म्हणतोय, एच मिळाली. धावपट्टी बंद, म्हणून परत फिरतोय. आणि..."

"आणि काय?"

"सांगणारी बाई रडत होती म्हणाला."

ताईंना आधी हसूच आलं. झोप नसली की माणसं काय वाट्टेल ते ऐकतात. खिडकीतून धावपट्टी लख्ख मोकळी दिसत होती. दादाने विमानाला पुन्हा पुन्हा हाका मारल्या, पण पलीकडे नुसती खरखर.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला.

"आई, चिडू नकोस हं. उशीर झालाय, आत्ता कुठे निघतोय आम्ही. फोन बंद करायला सांगताहेत."

"अगं, उतर खाली! ऐक माझं..."

फोन बंद झाला होता. विमान अजून उडालंच नव्हतं. मग परत कोण फिरलं?

"दादा, मी एच टाकते. धावपट्टी बंद म्हणून. इथे उतरलं तर काहीतरी विपरीत होणार, त्याचाच हा इशारा आहे."

"कारण काय देणार? नोकरी जाईल, ताई."

"जाऊ दे. जीव थकलाय माझा, पण लेक एकच आहे."

‘बंद’ म्हणतानाच त्यांना रडू फुटलं. पुन्हा नीट म्हणायचं त्राण नव्हतं, तसंच जाऊ दिलं. आणि मग त्यांना हायसं वाटलं. हेच तर ऐकलं होतं त्याने! म्हणजे विमान फिरणार. खुर्चीत पाठ टेकून त्या स्पीकरवर स्वतःचं रडणं ऐकत राहिल्या.

तास कसाबसा सरला. रेडिओ खरखरला आणि लेकीच्या विमानाच्या वैमानिकाचा आवाज आला.

"टॉवर, माहिती जी मिळाली. उतरतोय."

"जी नाही, एच! धावपट्टी बंद आहे, परत फिरा!" दादा ओरडला. "ऐकू येतंय का...?"

"जी मिळाली. उतरतोय."

"ताई... त्याला आपलं काहीच पोचत नाहीये..."

स्पीकरवर ताईंची एच चालूच होती. ढगांखालून विमानाचे दिवे दिसायला लागले.