महानंदाचा काटा

लाईट गेली तसे भागवतमामा पोरांना म्हणाले, "बसा जवळ. ही बनवलेली गोष्ट न्हाई. आपल्या रामलिंगवर आलेली हाय."

सोळा डिसेंबरला रामलिंग जेवूनखाऊन, रात्री साडेआठला हदगावजवळच्या कापसाच्या जिनिंगवर निघाला. तिथल्या वजनकाट्यावर तो अन् त्याची बायको महानंदा कामाला होते. काट्याचा प्रोग्राम तिनंच लिहिलेला, त्यातला आवाजही तिचाच: "दादा, गाडी पुढं घ्या." संध्याकाळी काटा बंद करायच्या आधी ती स्वतः त्यावर उभी राहायची. पन्नास किलो दाखवलं, की काटा बरोबर. रामलिंग चिडवायचा, "एवढं खातीस, जातंय कुठं?"

श्रावणात ती तापानं गेली. तिचा आवाज तेवढा जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर राहिला, अन् ती डिस्कही अखेरच्या घटका मोजत होती.

साडेनऊला रामलिंगनं ती डिस्क नव्या विंडोजवाल्या मशीनला जोडली. जुनं मशीन लिनक्स नावाच्या दुसऱ्याच सिस्टीमवर चालायचं; त्यावरचा काट्याचा प्रोग्राम त्यानं आधीच इथं आणला होता. आवाजाची कॉपी सुरू झाली. तेवढ्यात काट्याचा प्रोग्राम अडकला. बाहेर कापसाची गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला.

"थांब की रे बाबा!"

आता नीट ऐका. असा परका प्रोग्राम विंडोजवर आणला, की त्याला ओळखीचे दोन नंबर पडतात. एक तो स्वतःला सांगतो, दुसरा विंडोज देतं. घरात बाळू, शाळेत भगवान, तसं. घाईत रामलिंगनं प्रोग्रामनं सांगितलेला नंबर वाचला, ४३१२, अन् विंडोजला म्हणाला, हा बंद कर. पण विंडोजच्या चालू कामांच्या यादीत ४३१२ होती आवाजाची कॉपी.

ती बंद पडली. डिस्क दोनदा टकटकली...

पुन्हा उघडलीच नाही.

"श्रावणात देवानं नेली," रामलिंग म्हणाला. "आज म्या..."

ड्रायव्हरला त्यानं सकाळी यायला सांगितलं. मेन स्विच पाडला. अंधारात बसून रडला, पोरांनो. लेकरासारखा.

अकरा वाजून गेले.

बाहेर काट्याची लोखंडी प्लेट वाजली. कुणी पाय ठेवल्यागत.

"महानंदा?"

...

तो धावला. प्लेट मोकळी. रस्ता मोकळा. थंडी नुसती.

परत आत आला. लाईट बंदच. प्रिंटर बंदच. अन् प्रिंटरमधून एक पावती लोंबत होती.

अजून त्याच्या पाकिटात हाय ती. गाडी नंबर कोरा. वेळ अकरा सात.

वजन, पन्नास किलो.